ठोका माझाच

माझ्या नाकावर मास्क चढला त्या दिवशी आष्टीहून जालन्याच्या दवाखान्यात भेटायला आलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी शुद्धीवर होते आणि मला भयंकर राग आला होता. मास्क बाजूला करून मी म्हणाले, "रडायचं असंल तर बाहेर जाऊन रडा."

लहानपणी पोलिओ झाला, पाठ वाकली, छाती एका बाजूनं दबली. तरी मी डी.एड. केलं आणि आष्टीच्या शाळेत शिकवू लागले. चाळिशीनंतर मात्र सकाळी डोकं ठणकायचं, पाय सुजायचे, फळ्यासमोर उभ्या उभ्या डुलकी लागायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "झोपेत तुमचा श्वास उथळ पडतो. छातीला जोर पुरत नाही. घशात नळी घालायची गरज नाही. रोज झोपताना मास्क लावायचा, यंत्र प्रत्येक श्वासाला हवेचा जोर देईल."

मी मोठ्या भावाकडे राहायचे. त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

"राजीनामा दे. मशीनवर जगणारं माणूस शाळा काय शिकवणार?"

"मी नाकानं शिकवत न्हाई, दादा."

"लोक काय म्हणून राह्यले, ऐकलं का?"

"ऐकलं. तू त्यांना काय म्हणालास ते सांग."

तो चपला सरकवून बाहेर निघून गेला. लोकांच्या बोलण्यापेक्षा ते निघून जाणं मला जास्त लागलं.

घरी सोडण्याआधी छातीला वायरी चिकटवून आणि कमरेला छोटा डबा बांधून माझे ठोके दिवसभर नोंदवले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद पलंगावर पसरला. "दोन ठोक्यांमधलं अंतर बघा. जवळपास सारखंच."

"मग चांगलंच की. घड्याळासारखं."

"निरोगी हृदय घड्याळासारखं चालत नाही, बाई. श्वास आत घेतला की ते जरा पळतं, सोडला की सावकाश होतं. तुमचं थकलंय. कमी-जास्त व्हायचंच विसरलंय."

"मास्कनं सुधारंल?"

"काहींचं सुधारतं, काहींचं नाही. हवेच्या दाबाचाही हृदयावर परिणाम होतो. काही महिने लावा, मग बघू."

ज्यांचं सुधारतं त्यांच्यात मी आहे, हे मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

ते ठरवणं सोपं होतं. घरी आल्यावर मास्कनं नाकावर जखम केली. कडेनं हवा निसटून डोळ्यांत जायची. वैतागून मी तो फेकायचे आणि पुन्हा उचलून लावायचे. त्यात लोडशेडिंग. वहिनीनं कुणाला न विचारता इन्व्हर्टर मागवला. "ताई, तुम्ही बिलकुल फिकीर करू नका. यांचं मी बघते," एवढंच ती म्हणाली.

हळूहळू सकाळचं डोकं हलकं झालं. पायांची सूज उतरली. एका सोमवारी दादाला न सांगता मी साडी नेसले आणि शाळेत जाऊन हजेरी घेतली.

काही महिन्यांनी पुन्हा वायरी लावल्या. या वेळी डॉक्टरीणबाई कागद बघून हसल्या. ठोक्यांमधली अंतरं लहान-मोठी होत होती. तो कागद मी मागून घेतला आणि घरी येऊन दादाच्या पुढ्यात ठेवला.

"मशीन फक्त हवा ढकलतं. ठोका माझाच हाय."

त्यानं कागद उलटासुलटा करून पाहिला. "यातलं मला काय कळतंय? पण तू आजकाल लईच मोठ्यानं बोलून राह्यली."

"मंग ऐकायची सवय कर."

राजीनाम्याचा विषय त्यानं परत काढला नाही.

त्या हिवाळ्यात शाळेची सहल पैठणला निघाली. हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही राहू द्या. उगाच रिस्क नको."

"सर, मुक्कामाच्या जागी प्लग आहे का, तेवढं विचारून ठेवा."

यंत्राची पिशवी मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. शहागडला चहा पिताना दोन पोरी पिशवीकडं बघत होत्या, पण कुणी विचारलं नाही. मुक्कामाला धर्मशाळेत पोरींनी सतरंज्या अंथरल्या. मी त्यांच्यातच माझी जागा केली, सगळ्यांसमोर पट्टे बांधले आणि बटण दाबणार तोच एक पोरगी उठून बसली.

"बाई, तुम्ही बीमार हायत का?"

"हाय. अन् उजाडायच्या आत तुम्हाला नदीवर बी नेणार हाय. झोपा आता."