तिने रिकामी सोडलेली चौकट

त्या फॉर्मवरची बरोबरची खूण मी केली होती. निळ्या पेनाने, नांदेडच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, दुपारची बॅच सुटल्यावर. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट मी सांभाळतो. मंडळ लातूरचं. अध्यक्ष तिथले आडत व्यापारी, सगळे त्यांना मालक म्हणतात. दर सोमवारी नवीन स्थळांचं ई-मेल पाठवायचं, पण ज्यानं मागितलं त्यालाच, हा नियम मीच घातला होता. नाव नोंदवलं की आधी एक मेल जाणार, त्यातली लिंक दाबून माणसानं ‘हो, मला पाठवा’ म्हणायचं, मगच त्याचा पत्ता यादीत. मालकांना हे काही पटत नव्हतं.

“सर, लग्नाची पत्रिका वाटताना आपण विचारून राहिलो का कुणाला, देऊ का म्हणून?”

मी अडून बसलो. क्लासमध्ये पोरांनाही हेच शिकवत होतो. न विचारता आलेलं मेल कुणाला आवडत नाही, आणि ज्याचं नाव नीट विचारून घेतलंय तो माणूस टिकतो.

यादी मात्र वाढेना. आमच्याकडे कित्येकांचा ई-मेल मोबाईल घेताना दुकानदारानंच काढून दिलेला असतो, पासवर्डही त्यालाच माहीत. लिंक दाबणार कोण? म्हणून लातूरच्या मेळाव्यात कागदी फॉर्म ठेवले. सगळ्यात खाली एक छोटी चौकट आणि तिच्यापुढं ओळ : ‘या पत्त्यावर स्थळे पाठवण्यास माझी संमती आहे.’ टेबलावर मीच बसलो. एका मुलीचे वडील फॉर्म घेऊन आले.

“सर, मेल पोरीचाच लागतो का? माझा टाका. लग्न तिचं असलं तरी बघणार मीच हाय.”

“अहो, पण संमती तिची पाहिजे ना.”

“ती काय न्हाई म्हणती का? तिच्या वतीनं मी हाव म्हणलो. करा टिक.”

आमची रीतच तशी. घरातल्या थोरल्यानं हो म्हटलं की सगळ्या घरानं म्हटलं. काका पुतणीच्या चौकटीत खूण करत होते, मामा भाचीच्या. पहिल्या दोघा-तिघांना मी हटकलं. नंतर हसून सोडून दिलं.

पंगत बसली तसं टेबल रिकामं झालं. तेव्हा ती आली. पुनर्विवाहाचा फॉर्म मागितला आणि उभ्या उभ्याच भरायला लागली. लातूरच्या एका खाजगी शाळेत शिकवत होती. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगी पहिलीत, राहायला सासरीच. सगळे रकाने भरून ती खालच्या चौकटीपाशी थांबली. ओळ दोनदा वाचली. चौकट रिकामी ठेवून पेन खाली ठेवलं.

“सर, मेल नका पाठवू. माझा मेल दिरांच्या मोबाईलवर बी उघडतो, त्यांनीच काढून दिलेला हाय. वर मैत्रिणीचा नंबर लिहिलाय. काही असलं तर तिला सांगा.”

“बरं ताई.”

“घरी कळालं तर पोरगी देणार न्हाईत ते मला.”

“नाही कळणार.”

एवढंच बोलणं. ती जेवायलाही थांबली नाही.

संध्याकाळी मालकांनी व्यासपीठावरून सांगून टाकलं, आज नाव दिलेल्या प्रत्येकाला सोमवारपासून मेल सुरू होईल, सगळ्यांची संमती घेतलेली आहे. नांदेडला येऊन फॉर्म उघडले तर निम्म्या चौकटी कोऱ्या. लग्न जमवायलाच आलेली माणसं, नको कशाला म्हणतील, असं मनाशी म्हणत मी सगळे पत्ते टाईप केले आणि सगळ्यांपुढं ‘संमती मिळाली’ असं एका झटक्यात नोंदवलं. तिचा फॉर्म हातातून गेला तेव्हा मला ती आठवली नाही. खरंच आठवली नाही. तेवढी चूक म्हणता येईल. पुढचं नाही.

सोमवारी मेल गेलं. विषयाच्या ओळीत तिचं नाव आणि पुढं ‘तुमच्यासाठी पुनर्विवाहाची नवीन स्थळे’. बुधवारी तिच्या पत्त्यावरून उत्तर आलं. ‘आमच्या घरातल्या बाईचं नाव कुणाच्या परवानगीनं टाकलं? पुरावा द्या, नाहीतर मंडळावर केस करतो.’

हे तिनं लिहिलेलं नव्हतं, हे कुणालाही कळलं असतं. मलाही कळलं. त्याच घडीला ती आठवली, तिचं बोलणं आठवलं. मी मालकांना फोन लावला.

“सर, तुम्हीच म्हणत होते ना, विचारल्याशिवाय एक बी नाव न्हाई म्हणून? आता?”

“फॉर्म आहे की मालक.”

“मग लावून द्या फोटो. आपल्या अंगावर कशाला घ्यायचं?”

फॉर्म काढला. चौकट कोरी. ‘चुकून गेलं, क्षमस्व, असं कुणी नाव दिलेलं नाही’ एवढी ओळ लिहिली असती तर भागलं असतं. पण मग माझा नियम, मालकांचं जाहीर बोलणं, मला ‘सर’ म्हणून असलेला मान, सगळंच उघडं पडलं असतं. मी खूण केली, फोटो काढला आणि लिहिलं : ‘नोंदणी व संमती अर्जदाराने स्वतः दिलेली आहे. अर्जाची प्रत सोबत जोडली आहे.’

पुढं काय झालं ते तिच्याकडूनच कळलं. शाळेतल्या कुणीतरी गमतीनं नाव टाकलं असेल, असं तिनं घरी सांगितलं होतं आणि सासूला ते निम्मं पटलंही होतं. मग फोटो आला. तिचं वळणदार अक्षर घरात सगळ्यांच्या ओळखीचं. आठ दिवसांत तिला भोकरला माहेरी पोचवलं, पोरगी लातूरलाच ठेवून घेतली. मैत्रिणीच्या फोनवरून तिनं मला विचारलं,

“सर, मी टिक केलं नव्हतं ना?”

“केलेलं आहे ताई. फॉर्म माझ्यासमोरच आहे.”

 ती म्हणाली, “घाईत झालं असंल माझ्याकडून.” आणि फोन ठेवला.

गेल्या वर्षी नांदेडच्या बसस्टँडवर ती भेटली. तिनंच हाक मारली, “सर, ओळखलं का?” भोकरहून आली होती, लातूरची गाडी धरायची होती. दुसऱ्या शनिवारी पोरीला भेटू देतात म्हणाली. पिशवीतून एक फ्रॉक काढून दाखवला.

“माप अंदाजानं घेतलंय. लई लवकर वाढून राहिली ती.”

लग्नाचं विचारायचं माझं धाडस झालं नाही. तीच म्हणाली, “न्हाई केलं. पोरगी पाचवीला गेली आता. मागच्या खेपेला म्हणली, मम्मी, तू कशाला टिक केलंस? घरी फोटो दाखवलाय ना तिला. म्हणलं, चुकलं बाई माझं.”

मी चहा सांगितला. तिनं पैसे देऊ दिले नाहीत, उलट मलाच म्हणाली, “तुमचा काय दोष सर, तुम्ही तर विचारूनच घेत होता.” गाडी लागली. सांभाळून जा, एवढंच माझ्या तोंडून निघालं.

यादी मी नंतर साफ केली. लिंक दाबणाऱ्यांचीच नावं ठेवली, मालकांशी भांडून. त्यानं तिचं काही परत येत नाही. तो फॉर्म कपाटात आहे, भोकरचा पत्ताही आहे.

ती खूण तिची नव्हती, हे तिला तोंडानं सांगायचं आणि तिच्या मुलीला वाचता येईल असं माझ्या सहीनिशी लिहून द्यायचं, एवढं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.