मरतुकड्या वटवाघळाचा रूल

घाटंजीला आमच्या घरी त्या वर्षी पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता. भाव नव्हता, म्हणून पडून होता. आम्ही पोरं मग ओसरीत खेळायचो. खेळ एकच, चिप्सच्या पाकिटात निघणाऱ्या राक्षसांच्या पत्त्यांचा. पत्त्यावर राक्षसाचं चित्र आणि खाली त्याची ताकद. दोघांनी एकेक पत्ता टाकायचा, ज्याची ताकद जास्त त्यानं दोन्ही उचलायचे.

मोठे राक्षस सगळे चुलतभावाकडे. घरात तो थोरला, पाकीट फोडायचा मान त्याचा. नको ते पत्ते तो माझ्या आणि धाकट्या बहिणीच्या अंगावर फेकायचा. एक मरतुकडं वटवाघूळ, एक चिखलातला बेडूकतोंड्या, असलेच. माझं डोकं भणभणायचं. हरण्याचं काही नाही, पण आम्ही पत्ता टाकण्याआधीच हरलेल्या असायचो.

एक दिवस मी म्हटलं, "आजपासून नवा रूल. लहान राक्षस तिघं मिळून एकावर जाऊ शकतात. अन् वटवाघूळ मेलं, तर मारणारा आंधळा. पुढचा पत्ता त्यानं न पाहता टाकायचा."

तो हसला. "कर न काय करायचं ते. माहा सात डोक्याचा मरते काय?"

मेला. वटवाघळाला मारून भाऊ आंधळा झाला, न पाहता त्यानं नेमका सात डोक्यांचाच टाकला, आणि आमचे तीन फुसके त्याच्यावर तुटून पडले. बहीण किंचाळली. शेजारच्या पोरी धावत आल्या. मग खेळाला खरी रंगत चढली. कोणाला मरू द्यायचं, कोणाला राखायचं, यावर डोकं चालवावं लागायचं. वटवाघळासाठी पोरी जिंकलेले मोठे पत्ते द्यायला तयार!

भाऊ हरतच गेला. शेवटी ओरडला, "हे सारं कॅन्सल! जुनाच रूल."

"काहून? तूच हो म्हटलं न?"

"मी मोठा हाओ म्हणून."

आमचं जुंपलं, तेवढ्यात काका कापूस खरेदी केंद्रावरून परतले. बैलबंडी तशीच भरलेली. ओलावा जास्त म्हणून तिथं कापूस नाकारला होता. काल चालत होता तेवढाच ओलावा आज चालत नव्हता. तिथं ते तोंडातून शब्द न काढता परतले होते. घरात मात्र काही न विचारता माझ्या हातचे पत्ते हिसकले आणि चुलीत घातले. "पोरीच्या जातीले एवढं भांडन शोभते काय?"

भावाच्या पत्त्यांना हातही लावला नाही.

मी रडले नाही. बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, बहिणीनं त्यावर राक्षस काढले. एकही मोठा नाही. शेजारच्या ओसरीत पोरींचा डाव पुन्हा बसला. काही दिवसांनी भाऊ आला.

"मले घेता काय?"

"घेतो. पण वटवाघूळ घेऊन खेळा लागन."

तो पाय आपटत निघून गेला.

मागे एका लग्नात तो हसत सांगत होता, "हे लहानपणी लय चिडकी होती." सगळे हसले. मी नाही हसले. काका आता नाहीत. त्यांना त्या दिवशी खरा राग कोणाचा आला होता, हे आता मला कळतं. पण केंद्रावर ओरडायचं सोडून त्यांनी माझे पत्ते जाळले. तो राग मी अजून सोडलेला नाही, सोडणारही नाही.