‘हसू नका’ म्हणणारा फोटोग्राफर

मंडळी, आज दुपारी शनिवार पेठेतल्या माझ्या स्टुडिओत एक बाई आल्या. हातात नवऱ्याचं कंपनीचं ओळखपत्र होतं. "यातला फोटो मोठा करून द्याल? परवा तेरावा आहे. बाकी सगळे फोटो ग्रुपचे, एकट्याचा एवढाच."

फोटो मीच काढलेला. त्यांच्या आयटी कंपनीत दिवसभर रांग होती. मागे पांढरा पडदा, दोन्ही बाजूंना सारखेच दिवे, माणशी एक मिनिट. एक दिवा जरा मागे सरकवला असता तर चेहऱ्याला उठाव आला असता. पण ओळखपत्राला कशाला एवढं, असं मला वाटलं.

बाई फोटोकडे बघत म्हणाल्या, "अहो, हे सारखे हसायचे. इथे असे का दिसतात?"

मला तो माणूस चांगला आठवतो. पहिल्या फोटोत ते मनापासून हसले होते. मीच सगळ्यांसमोर दटावलं, "हसू नका साहेब, कार्ड परत येईल." दुसरा काढला आणि पहिला पुसून टाकला.

बाईंना म्हणालो, "दिवे तसे होते."

खरं सांगायला हवं होतं का?