शालनचे सात पाद्री

"माझे पाद्री कचऱ्यात जाऊ देऊ नका." माझी बायको शालन हॉस्पिटलात मला शेवटचं बोलली ते एवढंच. मी म्हटलं, "आधी घरी चल, मग बघू तुझे पाद्री." ती घरी आली नाही. त्याला आता दोन महिने होतील...

मी सातवी शिकलेला फिटर. मुलाने बोलावलं म्हणून म्हातारपणी आम्ही दोघं अमेरिकेत पिस्कॅटवेला आलो. इथे उन्हाळ्यात लोक नको झालेलं सामान घरापुढे मांडून विकतात. तिथल्या जुन्या भांड्यांच्या एका खोक्यात शालनला सात जुने फोटो सापडले. तळहातात मावतील एवढे, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले. सातही गोरे पाद्री. कुणी खुर्चीला रेलून उभा, कुणाच्या हातात बायबल. "कुणाचे तरी पणजोबा असतील हो, आणि तव्याखाली पडलेत," म्हणाली आणि घेऊन आली. मागे सगळ्यांवर एकच नाव छापलेलं. इंग्रजी आम्हा दोघांनाही येत नाही, पण अक्षरं तीच आहेत एवढं कळत होतं. "सख्खे भाऊ आहेत," तिने ठरवून टाकलं. नाकं जुळवली, थोरला-धाकटा लावला. मीही मान डोलावली. महिन्याभराने सुनेने ते पाहिलं आणि ती हसत सुटली. "अहो आई, ते फोटोग्राफरचं नाव आहे! दीडशे वर्षांपूर्वी असे फोटो काढून लोक एकमेकांना द्यायचे. आपल्या चर्चच्या पाद्रीबाबांचा तर हौसेने ठेवायचे." शालन हसली नाही. "म्हणजे काढणाऱ्याचं नाव राहिलं," ती म्हणाली, "आणि ज्याचा काढला त्याचं गेलं..."

त्या वर्षी सर्वपित्रीला तिने आमच्या पितरांशेजारी त्यांचंही पान वाढलं. मी म्हटलं, "पाद्री वडे-खीर खातात होय?" "नको म्हणालेत का? तुमच्यासारखी मिठाला नावं तरी ठेवत नाहीत." पान घरामागच्या लाकडी डेकवर ठेवलं. कावळा काही फिरकला नाही, खारीने वडा पळवला. "थोरला आला बघा," म्हणाली.

एकदा मॉलमधल्या स्टुडिओपुढे ती थांबली. "अहो, आपलाही एक काढूया, असा खुर्चीला रेलून." मी म्हटलं, "म्हाताऱ्यांची तोंडं कोण बघणार? चल." ती वळली आणि चालू लागली... ते चालणं आता डोळ्यांपुढून हलत नाही.

ती गेल्यावर मुलाने तिच्या फोटोसाठी सगळा कॉम्प्युटर धुंडाळला. जिकडे तिकडे ती अर्धीच, कुणाच्या तरी खांद्यामागे, हातात वाढायचं भांडं. एकटीचा नीट फोटो एकच, ग्रीन कार्डासाठी काढलेला, तेव्हाच्या नियमाप्रमाणे उजवा कान दिसावा म्हणून मान वळवलेला. त्याची एक प्रत माझ्या पाकिटात उरली होती. परवा पाद्र्यांच्या मापाचा पुठ्ठा कापला आणि त्यावर ती चिकटवली. पाद्रीही असेच मान वळवून आहेत. सून म्हणाली, "बाबा, मोठा करून फ्रेम करूया ना." करा म्हटलं, पण हा इथेच, त्यांच्या ओळीत राहील.

मग मागे लिहायला बसलो. माझं अक्षर वाईट. सावकाश लिहिलं: शालन. खाली तिचं गाव, तिच्या वडिलांचं नाव, माझं नाव. मुलाला म्हटलं, तेच खाली इंग्रजीतही लिही. पुढेमागे ती एखाद्या खोक्यात कुणा परक्या बाईला सापडली, तर त्या बाईला वाचता आलं पाहिजे.