मेंढीच्या जागी म्हैस

पडद्यावर बोट टेकवल्याशिवाय अक्काला बोलता यायचं नाही. आपण टाइप करत असावं, तर मागून हात यायचा, काचेवर बोट टेकायचं आणि प्रश्न यायचा, "हितं दाबलं तर कुठं जायलंय?" उत्तर दिलं की लगेच दुसरा, "कामून?" म्हणजे का. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल. त्याच्या धाकानं आपण काम नीट करतो आणि पाठीमागं त्यालाच नावं ठेवतो.

आमची कचेरी बिदरला मैलूरमध्ये, एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर. आम्ही सात जण वेबसाइटी बनवायचो. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी, हळ्ळीखेडच्या धनगराच्या घरातली, त्या घरातली पहिली इंजिनिअर. मी मास्तरांचा मुलगा, त्यामुळं आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत.

एका संस्थेसाठी जनावरांच्या औषधांचं मराठी पान करायचं होतं. पान लांबलचक, वाचणार मेंढपाळ, तेही मोबाइलवर. म्हणून वरती मथळ्यांची यादी हवी होती: शेळी, मेंढी, कोंबडी. ज्यावर बोट ठेवाल तिथं पान आपोआप सरकावं. आम्ही जे फ्रेमवर्क वापरायचो, म्हणजे वेबपानांचा तयार सांगाडा, ते जगभरातले लोक मिळून फुकटात सांभाळतात. त्यात ही सोय नुकतीच घातली होती, पण इंग्रजीपुरती. मथळ्यातली रोमन अक्षरं घेऊन ते त्या जागेचा पत्ता बनवायचं आणि बाकीची गाळायचं. मराठी मथळ्यातून उरणार काय? सगळे पत्ते कोरे. काहीही दाबा, पान जागचं हलायचं नाही.

मी शहाणपणा केला. पत्त्यांना आकडे देऊन टाकले. शेळी एक, मेंढी दोन, कोंबडी तीन. अर्ध्या तासात काम फत्ते! अक्काचं बोट काचेवर आलंच.

"मधी दुसरं जनावर घातलं म्हंजे?"

"तेव्हा बघू, अक्का."

"तवा इसरशील. आकडे नको, नावं दे."

मी हसलो आणि चहाला गेलो.

दोन महिन्यांनी संस्थेनं सांगितलं, गाय आणि म्हैसही घाला, अगदी वरती. मी घातल्या. आता दोन नंबरला म्हैस आली, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

निंबर्ग्याला अक्काचे मामा मेंढरं राखतात. मेंढीच्या जंताच्या औषधाची लिंक तिनंच त्यांना पाठवली होती आणि त्यांनी ती जपून ठेवली होती. त्यांनी ती दाबली, पान थेट म्हशीवर जाऊन थांबलं. त्यात आमच्या पानाच्या डोक्यावर संस्थेच्या नावाची एक पट्टी चिकटलेली असायची. तिच्याखाली 'म्हैस' हा मथळा नेमका झाकला गेला. मामांना दिसलं ते फक्त औषधाचं माप. त्यांनी ते एका मेंढीला पाजलं. तिची लाळ गळायला लागली, पाय लटपटले. दुसरीचं तोंड धरलं होतं ते त्यांनी सोडलं आणि भाचीला फोन लावला.

मामांचा आवाज माझ्या टेबलापर्यंत येत होता. "आगं, ह्ये कसलं माप लिवलंस? जनावर पडलंय की माझं!"

अक्कानं पान उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग एकदा माझ्याकडं पाहिलं. "माझी चूक हाय मामा," ती म्हणाली. "आधी डाक्टरला बोलवा. दुसऱ्या कुठल्या मेंढराला पाजू नका."

मेंढी दोन दिवस पडून होती. तिसऱ्या दिवशी उठली. "अक्का, मी सांगतो मामांना," मी म्हणालो. "आधी ह्ये नीट कर," ती म्हणाली, "सांगायचं मागून बघू." मला तेच हवं होतं. मी भित्रा होतो, आता सांगायला लाज कसली?

आमचं पान तिनं दोन दिवसांत माझ्याकडून दुरुस्त करून घेतलं. पत्त्यात मराठी नावंच राहिली आणि मथळा पट्टीखालून बाहेर आला. आमची कचेरी चालवणारे सर म्हणाले, "झालं ना? आता पुढचं काम घ्या." अक्का म्हणाली, फ्रेमवर्कातच हे घालायला पाहिजे, न्हाई तर उद्या दुसऱ्या कुणाचं जनावर पडंल.

"जगाचा ठेका घेतलाय का तुम्ही?"

"व्हय सर. जेवणाच्या सुट्टीत."

आणि खरंच, रोज दुपारी एका हातात ज्वारीची कडक भाकरी आणि दुसऱ्या हातानं टाइप करणं सुरू झालं. फ्रेमवर्कवाल्यांचं पहिलं उत्तर आलं, अशी मागणी दुसऱ्या कुणाची नाही, मथळ्यांना इंग्रजी नावं हातानं द्या. अक्कानं मग मागणी करणारे गोळा केले. शेजारच्या टेबलावरच्या पोरीकडून कन्नड मथळे घेतले. खालच्या दुकानातल्या चाचांना सांगितलं, उर्दूत काहीही लिहून द्या. चाचांनी मोबाइलचे सात आजार लिहून दिले, पहिला मथळा 'पाण्यात पडलेला मोबाइल'. ते सगळं तिनं नमुना म्हणून पाठवलं. पुन्हा नकार आला. तिसऱ्या खेपेला ओळीओळीवर प्रश्न आले, इतके की मीच वैतागलो. "इच्यारायलेत म्हंजे वाचायलेत," ती म्हणाली आणि एकेकाचं उत्तर द्यायला बसली.

चौथ्या खेपेला त्यांनी ते घेतलं. बदलांच्या यादीत एक ओळ, शेवटी तिचं नाव. तिनं पेढे वाटले. चाचांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "मेरा भीगा मोबाइल अमरीका तक गया क्या, बेटी?"

त्यानंतर सहा महिन्यांत तिला बेंगळुरूला नोकरी लागली. ती गेली, आणि मामांना सांगायचं राहिलं ते राहिलंच. ती कधी आठवण करून द्यायची नाही, हीच माझी खरी अडचण होती. मागून कुणी विचारणारं नाही म्हटल्यावर माणसाला स्वतःच उठावं लागतं.

गेल्या महिन्यात मी उठलो आणि निंबर्ग्याला गेलो. मामा वाडग्यात, मेंढरांच्या कुंपणात, एका मेंढीचे खूर साफ करत बसले होते. भाचीच्या कचेरीतला म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला. चहा यायच्या आधीच मी बोलून टाकलं, "मामा, ती चूक अक्काची नव्हती, माझी होती. तिनं मला आधीच बजावलं होतं."

मामांनी मान वर केली नाही. "ठाऊक हाय."

"अक्कानं सांगितलं?"

"तिनं? ती मरंल पर सांगायची न्हाई." त्यांनी खुरातला खडा काढून फेकला. "आरं, ही पोरगी बारीक असताना डोळे मिटून मेंढराच्या पाठीवरनं हात फिरवायची अन् कोण कुणाचं कोकरू त्ये सांगायची. ती मेंढीच्या जागी म्हैस लिवंल व्हय?"

मामांनी ती मेंढी सोडली आणि दुसरीची मान धरून माझ्यापुढं आणली. "धर हिला. खूर साफ करायचेत. तवा पडली हुती, हीच ती." मी खाली बसलो आणि तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.