उद्यापासून पिग्मीवाले भाऊ येणार नाहीत

मंडळी, आज माझं कर्ज फिटलं! शिलाई मशीनसाठी पतसंस्थेतून घेतलं होतं. ओतुरात ब्लाउज शिवून, दूध पावशेरावर आणून, रोज शंभर रुपये भरत दोन वर्षं काढली.

रोज दारात वसुलीला येणाऱ्या पिग्मीवाल्या भाऊंनी संध्याकाळी शेवटची पावती दिली. "ताई, खातं निल झालं. आता उद्यापासून मी येत नाय."

मी हसले, पण आतून एकदम रितं वाटलं. मी एकटीच राहते. "ताई, जेवलीस का?" असं दिवसभरात विचारणारं ते एकच माणूस.

ते जिना उतरायला लागले तशी मी हाक मारली, "भाऊ, वीस रुपये रोजाची नवी पिग्मी चालू करा."

"आता कशासाठी साठवती, ताई?"

मी विसाची नोट पुढे केली, "उद्या या, मग सांगते."