मधली रिकामी ओळ

ती कधी ओरडायची नाही असं कुणी सांगितलं, तर खुशाल समजा की तो माणूस तिला भेटलेलाच नाही. ती ओरडायची. स्वयंपाकघरात ओरडायची, कपडे धुण्याच्या खोलीत ओरडायची, आणि फोनवर तर असं ओरडायची की हिला फोन लागतो तरी कशाला, असं वाटावं. फक्त म्हाताऱ्यांच्या खोलीच्या उंबऱ्यात पाय पडला की आवाज एकदम खाली यायचा.

सगळं विसरत चाललेल्या म्हाताऱ्या माणसांचं ते निवासगृह होतं आणि ती तिथल्या सकाळच्या पाळीची मुख्य मदतनीस. हाताखालच्यांना तिचं दिवसभर एकच सांगणं, "ओळीने घ्या रे, ओळीने!" म्हणून स्वयंपाकीणबाईंनी तिचं नाव ओळबाई ठेवलं. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागल्या. तिला राग आला नाही. रागवायला तिच्याकडे दुसरी कारणं भरपूर होती.

हे ओळीचं वेड तिला सासूबाईंनी लावलं. त्या विसरायला लागल्या तेव्हा ओळबाई आधीची नोकरी सोडून घरी बसली होती. नवरा लांबच्या गाड्या चालवायचा, घरात दोघीच. सासूबाई सकाळी अंगाला हात लावू देत नसत. हिने गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा तर न्हाणीघराबाहेर बसून दोघी रडल्या. मग कधीतरी ध्यानात आलं, की म्हातारीला आधी तिची फणी हातात हवी असते. फणी दिली आणि जरा गप्प राहिलं, की ती आपण होऊन उठते. फणी आधी, पाणी नंतर. उलटं केलं की दिवस नासला म्हणून समजा.

पुढे ती या निवासगृहात लागली आणि तिथे हेच करत गेली. प्रत्येकाची सकाळ वेगळी. ती शोधायची, आणि सापडली की लिहून ठेवायची. लेकीने फोनवर एक साधं टिपणाचं ॲप घालून दिलं होतं. त्यात ना रंग, ना चित्रं. पांढरं पान, त्यावर अक्षरं, संपलं. जुन्यात जुन्या फोनवरसुद्धा उघडायचं आणि एकीने लिहिलेलं सगळ्यांना दिसायचं. माणशी एक पान. एका ओळीवर एक गोष्ट, ज्या क्रमाने करायची त्या क्रमाने. आणि जिथे काहीच करायचं नाही, नुसतं थांबायचं, तिथे रिकामी ओळ. जास्त थांबायचं तर जास्त रिकाम्या ओळी. नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी दटावून सांगायची, "लिहिलेलं चुकलं तर एक वेळ चालेल. रिकामं चुकलं तर माझ्याशी गाठ आहे."

सर्वेअरकाकांचं पान तिचं सगळ्यात आवडतं. काकांनी जन्मभर जमिनी मोजल्या होत्या. आता सकाळी जाग आली की त्यांना वाटायचं, कामाला निघायला उशीर झाला. त्यांना अंघोळीला चला म्हटलं की संपलं. कोण हे परके लोक आणि मला कुठे ओढताहेत, म्हणून भिऊन हात उगारायचे. ओळबाईने किती सकाळी घालवल्या असतील तेव्हा त्यांची ओळ सापडली. पडदा उघडायचा. बूट दाखवायचे, घालायचे नाहीत. गुंडाळीची मोजपट्टी हातात द्यायची. मग रिकाम्या ओळी. एक शब्द बोलायचा नाही. काका खोलीभर बघायचे, पट्टी चाचपायचे, आणि मनात येईल तेव्हा उठून न्हाणीघराचं दार मोजायचे. आडवं मोजायचे, उभं मोजायचे, आणि समाधान झालं की म्हणायचे, "जाईल." मग स्वतःच आत जायचे, शहाण्या मुलासारखे.

काकू त्याच खोलीत राहायच्या. त्यांचं डोकं अगदी ठणठणीत, फक्त कंबर गेलेली, चाकाच्या खुर्चीत. मुलांनी वेगळं ठेवायचं ठरवलं होतं तेव्हा त्यांनीच हट्टाने खोली बदलून घेतली. निवासगृहाचा नियम मात्र पक्का होता. कुणी मदतनिसाला इजा केली की त्याची रवानगी वरच्या मजल्यावर, बंद वॉर्डात. तिथे एकेकट्या खाटा, दाराला कुलूप, आणि नवरा-बायकोची सोय नाही.

अशात ते ॲप सुधारलं.

सुधारलं म्हणायचं आपलं. एका सकाळी दोन्ही हातांत चादरी असताना तिचा फोन टुणटुणला. पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडताहेत आणि खाली लिहिलंय, "आम्ही आता आणखी हुशार झालो आहोत!" महत्त्वाचं आपोआप वर. किरकोळ गोष्टी दुमडून खाली. वाया गेलेली जागा साफ. दिवसाअखेर तयार अहवाल. आणि खाली एकच बटण, "छान, पुढे जाऊ." नको म्हणायचं बटणच नाही! अहो, दारात आलेला विक्रेतासुद्धा नको ऐकून घेतो. हिने कोपराने ते बटण दाबलं आणि चादरी घेऊन निघून गेली. तिला कशाला पान उघडून बघायला लागतंय? तिला सगळ्यांच्या सकाळी पाठ. तिच्या सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या जोडीदारणीलाही पाठ. पान उघडायचं ते नव्याने, आणि सकाळच्या पाळीला नवं कुणी तेव्हा आलंच नाही.

मग तिच्या एका सुट्टीला जोडीदारीण आजारी पडली आणि बदलीवर एक जण आला. पूर्वी बस चालवायचा, म्हणून ड्रायव्हरदादा. भला माणूस. चष्मा पुसून त्याने काकांचं पान नीट वाचलं. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, औषध. त्याखाली अंघोळ. त्याखाली कपडे. पडदा, बूट, मोजपट्टी हे सगळं 'इतर'मध्ये दुमडून ठेवलेलं. रिकाम्या ओळी तर नावालाही नाहीत. त्याने सांगितल्याप्रमाणे केलं. झोपेतून उठवून गोळी दिली आणि दंडाला धरून म्हणाला, "चला काका, अंघोळ."

न्हाणीघरात पोचताच काकांनी त्याला ढकललं. त्याचं तोंड नळावर आपटलं आणि ओठ फाटला. काकू खुर्चीतून ओरडत राहिल्या, "अहो, सोडा त्यांना! पट्टी द्या हातात, पट्टी!" पण त्या गोंधळात कोण ऐकतंय?

दुसऱ्या दिवशी ओळबाई कामावर आली ती या बातमीवरच. आधी ती ड्रायव्हरदादावर धावून गेली. "डोळे फुटले होते का तुमचे? लिहिलंय ना सगळं?"

त्याने नुसता फोन पुढे केला. ओठाला पट्टी होती, बोलणं दुखत असणार. तिने ते पान पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकेक माणूस किती खपून समजून घेतलेला, आणि हे कोण उपटसुंभ, ज्यांनी काकांना कधी बघितलं नाही, त्यांनी परस्पर ठरवलं की मोजपट्टी किरकोळ! थांबणं म्हणजे वाया गेलेली जागा! तिने एक रिकामी ओळ घातली. ॲपने ती गिळली. पुन्हा घातली, पुन्हा गिळली. तिने कंपनीला लिहिलं, जुनं होतं तसं परत द्या. क्षणात उत्तर आलं. "तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. जुनी मांडणी आता उपलब्ध नाही." आणि शेवटी एक हसरा चेहरा. तो हसरा चेहरा बघून तिने जे शब्द वापरले ते इथे लिहिता येणार नाहीत.

ती तडक मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम म्हणजे निवासगृहाच्या व्यवस्थापक. वाईट बाई नव्हत्या, पण कागदावर दिसेल तेच खरं मानणाऱ्या. त्यांच्यापुढे ॲपचा तयार अहवाल उघडा होता. सर्व पायऱ्या पाळल्या. विलंब शून्य. रहिवासी आक्रमक.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या, "मदतनिसाने सगळं बरोबर केलंय. म्हणजे काकांचा आजारच वाढला. गेल्या आठवड्यात शिंपीणआजींना हलवलं, तसं उद्या दुपारी त्यांना वर हलवू."

"सगळं बरोबर केलंय?" ओळबाईचा आवाज बाहेर व्हरांड्यापर्यंत गेला. "मॅडम, त्या यंत्राने काकांची सकाळ मोडली, आणि वर तेच यंत्र साक्ष देतंय की काका वाईट! तुम्हाला झोपेतून उठवून अनोळखी माणसाने न्हाणीघरात ओढलं तर तुम्ही काय कराल? त्याच्या पाया पडाल?"

"आवाज खाली."

"नाही होणार खाली! त्या काकूंना काय सांगू मी? तुमचा नवरा वर जातोय, कारण एका कंपनीला रिकामी जागा बघवत नाही?"

मॅडम म्हणाल्या, "पुरावा काय? जुनं पान आहे तुमच्याकडे?"

ते कुठून असणार? ॲपने त्याच पानावर हात फिरवला होता. ओळबाई म्हणाली, "पुरावा खोलीत झोपलाय. उद्या सकाळी या आणि बघा. नाही पटलं तर दुपारी न्या त्यांना. मी आडवी येणार नाही."

हे बोलून ती बाहेर आली आणि जिन्यात मटकन बसली. बोलून तर बसली होती, पण म्हाताऱ्या माणसाचा काय भरवसा? उद्याच नेमकं बिनसलं तर?

सकाळी मॅडम आल्या, हातात फोन घेऊन. ओळबाई पुढे होणार इतक्यात ड्रायव्हरदादा म्हणाला, "ताई, मी करतो. मला जमलं तर कुणालाही जमेल." तिने त्याच्याकडे पाहिलं. आदल्या दिवशी याच्या अंगावर धावून गेल्याची तिला लाज वाटली, पण तेवढ्यासाठी आता वेळ नव्हता. तिने नुसती मान हलवली.

त्याने पडदा उघडला. बूट दाखवले. मोजपट्टी हातात दिली आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

काका बसून राहिले. पट्टी ओढायचे, सोडायचे. खिडकीबाहेर बघायचे. काकूंनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. मॅडमनी फोनवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा काकांकडे पाहिलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ओळबाईने डोळे असे वटारले की ते तोंड तसंच मिटलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या वरिष्ठाला! नोकरी गेली असती तरी तिला त्या घडीला पर्वा नव्हती.

मग काका उठले. सावकाश दारापर्यंत गेले, पट्टी लावली. दारात मॅडमच उभ्या. काकांनी त्यांना खालून वर नीट न्याहाळलं.

"बाई, तुम्ही बाजूला झालात तर जाईल," काका म्हणाले.

काकू फसकन हसल्या. मॅडम बाजूला झाल्या. काका दार मोजून आत गेले आणि थोड्या वेळाने आतून पाण्याचा आवाज यायला लागला. ड्रायव्हरदादा टॉवेल घेऊन त्यांच्यामागे गेला.

"ठीक आहे," मॅडम हळूच म्हणाल्या. "काका इथेच राहतील. पण एका माणसामागे नुसतं उभं राहण्यात एवढा वेळ कसा परवडायचा?"

काकूंचं हसू विरलं. "मॅडम, उभ्या तुम्ही होतात," त्या म्हणाल्या. "ते कामाला निघाले होते."

मॅडम फोन पर्समध्ये टाकून निघाल्या. काकूंनी ओळबाईचा हात हातात घेतला, घट्ट दाबला. झालं ते छान झालं, आता चहा घ्यावा आणि पुढच्या खोलीत जावं, असं कुणालाही वाटलं असतं. ओळबाईलाही क्षणभर वाटलं. आणि मग तिने एकदम काकूंच्या हातातून हात सोडवला.

ॲपने काय फक्त काकांच्या पानावर हात फिरवला होता?

ती धावतच मॅडमच्या मागे गेली. "मॅडम, शिंपीणआजी! गेल्या आठवड्यात आपण वर पाठवल्या त्या!"

"त्या चावल्या होत्या संध्याकाळच्या बदलीवालीला. आजार वाढला म्हणून…"

"कुणी म्हटलं वाढला? याच अहवालाने ना? झोपण्याआधी आजींना कापडाच्या घड्या घालू द्यायच्या आणि संपेपर्यंत गप्प बसायचं. संध्याकाळी थांबून मीच शोधलं, मीच लिहिलं होतं. मीच! आणि आपण कुणी विचारलंसुद्धा नाही. म्हातारी आठवडाभर त्या कुलपाआड एकटी आहे, मॅडम."

मॅडम व्हरांड्यातल्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "तो निर्णय झालाय. समितीपुढे परत ठेवावा लागेल. पुढच्या बैठकीत बघू."

"बैठक घ्या तुमची," ओळबाई म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. म्हाताऱ्यांच्या खोलीत असायचा त्याच आवाजात ती बोलत होती, आणि तो आवाज मॅडमनी आजवर कधी स्वतःसाठी ऐकला नव्हता. शेजारच्या कपडे धुण्याच्या खोलीतून तिने धुतलेल्या, घडी न घातलेल्या उशीच्या अभ्र्यांचा मोठा गठ्ठा उचलला, छातीशी धरला आणि मोकळा हात पुढे केला.

"वरची किल्ली द्या."